जुन्या थारचा फायबर हार्डटॉप अडकलाय: १४ पैकी १२ बोल्ट निघाले, तरी पुढून हलत नाही

वडाळा_टब

गाडी थार सीआरडीई, २०१६ ची, मूळची सॉफ्ट टॉप. त्यावर बाहेरून करून घेतलेला फायबरचा (एफआरपी) हार्डटॉप आहे. सहा पावसाळे जागचा हललेला नाही. गाडी उघड्यावर, खाडीच्या वाऱ्यात उभी असते. पाऊस संपलाय, तेव्हा टॉप उतरवून मे अखेरपर्यंत कॅनव्हास चढवायचाय.

आत्तापर्यंतची परिस्थिती अशी:

एकूण १४ बोल्ट सापडले. काचेच्या फ्रेमच्या वरच्या पट्टीत ४, दोन्ही बाजूंना टबच्या (टॉपखालच्या पत्र्याच्या बॉडीच्या) कडेवर ४-४ आणि मागच्या कोपऱ्यांत एकेक. त्यातले १२ पूर्ण काढून डब्यात ठेवलेत. मागचा डावा (षटकोनी डोकं, १३ चा पाना) खालून फिरवला की गरागरा फिरतो, पण खाली येत नाही. त्याचा नट फायबरच्या बंद खांबात आहे, आत हात जायला जागा नाही. मागचा उजवा स्टेनलेसचा आहे, घुमटासारख्या डोक्याचा, ५ ची अ‍ॅलन की लागणारा. त्याचा खड्डा आता गोल झालाय.

चौघांनी उचलून पाहिलं. बाजूने मधोमध बोटभर वर येतो, पुढची पट्टी मात्र केसभरही हलत नाही. सगळ्या सांध्यात गंज सोडवायचा स्प्रे मारलाय, दोन रात्री मुरू दिलाय. पुढे पहार घालून उचकटू का? की आधी मागच्या दोन बोल्टांची डोकी ग्राइंडरने उडवू?

---

पाना_तेरा

दोन्ही नको. पहिलं काम म्हणजे डब्यातले बारा बोल्ट परत लावा. पूर्ण आवळायचे नाहीत, नुसते तीन-चार आटे धरतील इतपत.

कारण सांगतो. फायबरचा टॉप टबवर कधीच अगदी सरळ बसलेला नसतो. बसवताना एक कोपरा दाबून, दुसरा ओढून भोकं जुळवलेली असतात. म्हणजे तो ताणलेल्या स्प्रिंगसारखा बसलेला असतो. तुम्ही एकेक बोल्ट पूर्ण काढत गेलात तसा सगळा ताण उरलेल्या दोघांवर आला. त्यांना आता आडवा जोर बसतोय, आटे एका अंगाला घासताहेत. शेवटचे दोन बोल्टच नेहमी नडतात त्याचं कारण हेच, ते दोनच जास्त गंजलेले असतात असं नाही. नियम असा की आधी सगळे बोल्ट दोन-दोन फेरे सैल करायचे, मग परत दोन-दोन, आणि शेवटी एकदम काढायचे.

दुसरं, गाडी कुठे उभी आहे? एक चाक फुटपाथवर किंवा गटाराच्या झाकणावर असेल तर चॅसी पिळली जाते, तिच्याबरोबर टबही किंचित पिळतो. सपाट जागेवर आणा, चारही टायरांची हवा सारखी करा. एवढ्यानेच कधीकधी अडकलेला बोल्ट हाताने फिरतो.

तिसरं, बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि टॉपमधून टबमध्ये किती वायरी उतरतात ते मोजा. मागचा वायपर, काचेचा डीफॉगर, आतला दिवा, वरचा ब्रेक लाइट, वायपरच्या पाण्याची नळी. मागच्या दाराचे गॅस स्ट्रट टॉपला लावलेले असतील तर त्यांच्या गोळीच्या टोकांवरची तारेची क्लिप छोट्या स्क्रू ड्रायव्हरने उचका, मग ते निघतात. दार आधी कोणीतरी धरून ठेवा, नाहीतर सरळ डोक्यात.

---

खारी_हवा

सांध्यात स्प्रे मारलाय म्हणालात. बोल्टांवर मारला असेल तर उत्तम. पण रबराच्या बीडिंगवर सगळीकडे मारला असेल तर आजच साबणाच्या पाण्याने धुऊन काढा. हे बीडिंग बहुधा ईपीडीएम रबराचं असतं. ऊन-पाऊस ते वर्षानुवर्षं सोसतं, पण खनिज तेल त्याला चालत नाही. डिझेल, रॉकेल, ग्रीस, गंजाचा स्प्रे यातलं काहीही मुरलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं. फुगलेलं रबर खाचेत आणखी घट्ट बसतं, म्हणजे सोडवायला गेलात आणि उलटंच झालं. रंगाला चिकटलेलं रबर सोडवायला साबणाचं कोमट पाणी आणि प्लास्टिकची पट्टी पुरते.

---

घाटकोपर_गिअर

एवढा विचार कशाला? अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं करून ओता, वरून गॅसचा पंप मारा, बोल्ट लाल झाला की निघतोच. चॅसीचे बोल्ट सगळे असेच काढतात.

---

फायबर_गल्ली

चॅसीचे काढतात, कारण चॅसी लोखंडाची असते. इथे बोल्टाभोवती पॉलिएस्टर रेझिन आहे. साधं रेझिन शंभर अंशांच्या आतच मऊ पडायला लागतं. बोल्ट लाल होईपर्यंत त्याच्याभोवतीचं फायबर जळून काळं पडलेलं असेल, आणि आतलं फोमचं लायनिंग त्याआधीच पेटलेलं असेल. अ‍ॅसिटोनने बाहेरचा रंग सुरकुततो, वर ते ज्वालाग्राही. ते ओतून वर आग धरायची हा सल्ला तर अजिबातच नको.

उष्णता द्यायचीच असेल तर फक्त बोल्टाला द्या. ६० ते १०० वॉटची सोल्डरिंग आयर्न घ्या, टोकाला थोडं सोल्डर लावून बोल्टाच्या डोक्यावर पाच-सात मिनिटं दाबून धरा. उष्णता धातूतून आट्यांपर्यंत जाते, फायबरपर्यंत फार पोचत नाही. शेजारच्या फायबरला हात लावत राहा, चटका बसायला लागला की थांबा. मग थंड होऊ द्या आणि थंड झाल्यावरच फिरवा. तापताना-निवताना जो हलका खेळ होतो त्यानेच गंजाची पकड सुटते.

आता तुमचे दोन बोल्ट. दोघांचे आजार वेगळे आहेत, एकच औषध चालणार नाही.

डावा, जागेवर फिरणारा. इथे गंजाने बोल्ट आणि नट एक झालेत आणि फायबरमध्ये बसवलेला नट आपली जागा सोडून फिरतोय. असे नट बहुतेक एका छोट्या पत्र्याच्या पट्टीला वेल्ड करून ती पट्टी फायबरच्या थरांत दाबलेली असते, किंवा मग रिव्हेट नट असतो. पट्टीचं वेल्ड सुटलं किंवा रिव्हेट नटाची पकड गेली की असं होतं. स्प्रे मारून फायदा नाही, कारण नट धरायलाच कोणी नाही. आधी त्याला धरायचं.

सोपा उपाय असा. बोल्टाच्या दोन्ही अंगांना, टॉपची कड आणि टब यांच्यामध्ये लाकडी पाचरी हलक्या हाताने ठोका. टॉप वर ढकलला जातो, नट खाली आपल्या बैठकीवर दाबला जातो, आणि त्या दाबानेच तो धरला जातो. मग हातपान्याने सावकाश फिरवा. एअर गन किंवा इम्पॅक्ट अजिबात नको, झटक्याने नट पुन्हा सुटतो. पाचर सागाची किंवा बांबूची. स्क्रू ड्रायव्हर खुपसलात तर टबचा रंग जातो आणि पुढच्या पावसात तिथूनच गंज धरतो.

पाचरीने नाही जमलं तर खांबाच्या आतल्या बाजूने, नटाच्या उंचीवर १२ मिमीचं एक भोक पाडा. उंची काढायला पलीकडच्या खांबाचं माप घ्या. त्या भोकातून चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून नटाच्या कडेला अडवा आणि खालून बोल्ट फिरवा. नंतर भोकात रबराचा ग्रोमेट बसवला की कोणाला दिसत नाही.

डोकं ड्रिलने उडवायचा विचार डाव्याच्या बाबतीत करू नका. फिरणारा बोल्ट ड्रिलबरोबरच फिरतो. तुम्ही दाबत राहता, तो फिरत राहतो, आणि तेवढ्यात फायबरचं भोक रुंद होतं.

उजवा, गोल झालेला. हा स्टेनलेस आहे, बहुधा स्टेनलेसच्याच नटात. तो गंजाने नाही, आटे एकमेकांत रुतल्यामुळे अडकलाय. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं घासलं की पृष्ठभाग सोलून एकमेकाला चिकटतो, आणि जितकं जोरात फिरवाल तितकं आणखी रुततं. यात स्प्रेचा उपयोग जवळपास शून्य. हातोडी घ्या आणि टी-३० टॉर्क्स बिट (चांदणीच्या आकाराच्या टोकाचं) त्या गोल खड्ड्यात ठोकून बसवा. ५ च्या अ‍ॅलनचा खड्डा गोल झाला की टी-३० ची टोकं त्याच्या भिंतीत रुततात. आधी पाव फेरा आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने. घिसाडघाई नको.

तेही नाही झालं तर इथे मात्र डोकं ड्रिल करा, कारण हा फिरत नाहीये आणि अ‍ॅलनचा खड्डा ड्रिलला आपोआप मधोमध धरतो. ८.५ मिमीचं कोबाल्ट बिट, ड्रिल सगळ्यात मंद वेगावर, दाब भरपूर आणि कटिंग ऑइलचे थेंब. वेगात ड्रिल नुसतं घासत राहिलं तर स्टेनलेस वरून कडक होतं, मग बिट फक्त किंचाळतं आणि निळं पडतं. चुरा लांब वेटोळ्यांचा निघाला तर बरोबर चाललंय. भुकटी निघत असेल तर थांबा, बिट बोथट झालंय. डोकं उडालं की टॉप वर येईल. उरलेला दांडा नंतर वाइस ग्रिपने धरून काढता येतो, तेव्हा त्याच्यावर कसलाच ताण नसतो.

---

पाना_तेरा

ग्राइंडरचंही सांगून टाकतो. ठिणगी म्हणजे लोखंडाचा वितळलेला कण. तो काचेवर पडला की चिकटून खड्डा पाडतो, रंगावर पडला की आठवड्यात तपकिरी ठिपका. कापायचंच असेल तर टॉप आणि टबच्या फटीतून एक्सॉ ब्लेडने कापा, २४ टीपीआयचं (इंचाला २४ दाते), एका टोकाला कापड गुंडाळून. खाली टबवर पत्र्याचा तुकडा ठेवा. आठ मिलिमीटरचा साधा बोल्ट कापायला पाच-दहा मिनिटांचा घाम आहे फक्त.

---

वडाळा_टब

बारा बोल्ट परत लावले, गाडी सपाट जागेवर आणली. बीडिंग धुतलं. पाचरी ठोकून डावा बोल्ट पानाभर सुटला आणि मग निघाला. नट आतच आहे, हलवला की खुळखुळतो. उजवा टी-३० ला दाद देत नाहीये, बिट घसरतंय, कोबाल्ट बिट आणावं लागेल.

पण पुढची पट्टी तशीच. तिथले चारही बोल्ट सैल आहेत, वायरी सोडल्यात. काय धरून बसलंय?

---

सीलंट_काका

चिकट माल, दुसरं काय. काचेच्या पट्टीवर पाणी गळतं म्हणून बसवणारे तिथे हमखास सीलंट भरतात. ते कोणतं आहे त्यावर पुढची रीत ठरते, म्हणून आधी ओळखा. बाहेर आलेली एखादी कड नखाने ओढून पाहा.

पांढरं किंवा पारदर्शक, रबरासारखं, ओढलं की सोलून निघतंय, तर सिलिकोन. काळं, टणक, ब्लेडने कापलं की टायरसारखं लागतंय, तर पीयू, म्हणजे काच चिकटवायचा माल. काळं किंवा करडं, बोटाला चिकटणारं, च्युइंग गमसारखं तार धरणारं, तर ब्युटाइलची पट्टी.

ब्युटाइल असेल तर नशीबवान आहात. ते झटक्याला दाद देत नाही, सबुरीला देते. दुपारच्या उन्हात गाडी ठेवा, मग दोन्ही कोपऱ्यांत पाचरी लावून सोडून द्या. तास-दीड तासात आपोआप सुटत जातं. उरलेलं रॉकेल किंवा टर्पेंटाइनने पुसून निघतं, फक्त रबराला लागू देऊ नका.

सिलिकोनवर टर्पेंटाइन, पेट्रोल काही चालत नाही, ते कापावंच लागतं. मासे पकडायची जाड नायलॉन दोरी पुरते.

पीयू असेल तर काच कापायची पीळदार स्टीलची तार हवी. काच बसवणाऱ्यांकडे रीळ असतं, ऑपेरा हाऊसला स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळते. दीड मीटरचा तुकडा, दोन्ही टोकांना लाटण्याएवढे लाकडी दांडे. एक माणूस गाडीत, एक बाहेर. तार आत ढकलायला कोपऱ्यात जाड सुई किंवा सायकलच्या चाकाची स्पोक वापरा. करवतीसारखं ओढायचं, पण आळीपाळीने. एक ओढतो तेव्हा दुसऱ्याने फक्त ताण धरायचा. दोघांनी एकदम ओढलं की तार तापते आणि तुटते. साबणाचं पाणी सतत शिंपडत राहा.

तार घालायच्या आधी काचेच्या फ्रेमच्या रंगावर मास्किंग टेपचे तीन थर लावा. तार टॉपच्या बाजूला टेकून चालली पाहिजे. फायबरवर ओरखडा उठला तर घासून निघतो, पत्र्यावर उठला तर रंगाचं काम निघतं. आणि काचेच्या कडेपासून लांब, खाली घसरली तर काचेचं बीडिंग जाईल.

---

खारी_हवा

काकांच्या म्हणण्यात एक भर. तार घालण्याआधी फट चाचपून घ्या. एक्सॉ ब्लेडचे दाते कानशीने उडवा, त्यावर सेलोटेप गुंडाळा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फटीतून सरकवत जा. सीलंट लागलं की ब्लेड मऊ अडकतं, ढकललं तर थोडं आत जातं. मध्येच टक्क आवाज होऊन अडलं तर तिथे स्क्रू आहे. खडूने खूण करा.

बसवणाऱ्यांनी सीलंट वाळेपर्यंत टॉप जागेवर राहावा म्हणून मध्ये एखाद-दोन सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारलेले असतात, मग त्यावर लायनिंग चढतं. चुंबकाने शोधायला जाल तर फ्रेमच लोखंडाची, चुंबक सगळीकडे चिकटेल. लायनिंगवरून अंगठा दाबत जा, टेंगूळ लागतं.

---

वडाळा_टब

टक्क दोन ठिकाणी. दोन्ही आरशाच्या वर, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. लायनिंगची कड खाली ओढली तर ८ मिमीच्या षटकोनी डोक्याचे दोन स्क्रू, वर काळा माल थापलेला. स्क्रू निघाले. माल टायरसारखा टणक, म्हणजे पीयूच. तार आणतो.

वजन किती धरायचं? चौघं पुरतील? आणि सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये बीमला पुली लावून उचलता येईल का?

---

फायबर_गल्ली

वजनाचा अंदाज बसल्या बसल्या काढता येतो. चार मिलिमीटर काच म्हणजे चौरस मीटरला १० किलो. चार मिलिमीटर फायबर साधारण ६ किलो. छप्पर आणि दोन्ही बाजू मिळून पाच चौरस मीटर फायबर धरलं तर ३० किलो, बरगड्या आणि जाड कडांचे आणखी दहा-पंधरा, काचा सव्वा चौरस मीटर म्हणजे बारा-तेरा. पन्नास ते साठच्या घरात. मागचं पूर्ण दार टॉपलाच टांगलेलं असेल तर ते आधी उतरवा, त्याचं वजन वेगळं आणि सगळं एका टोकाला.

चौघांना जड नाही, पण अवघड आहे. हात खांद्याच्या वर जातात आणि मध्ये टब असल्यामुळे कोणालाच जवळ उभं राहता येत नाही. म्हणून सहा जण. चार कोपऱ्यांना चार, एक आत मधल्या बरगडीखाली आणि एक नुसता बोलणारा, जो वायर अडकली का, बीडिंग लटकलं का एवढंच पाहील. आधी सरळ वर वीतभर, मग मागे. वर न घेता मागे ओढलात तर रोल बारवर पुढची कड आपटते, आणि फायबरचा कोपरा फुटला की चांदणीसारखे तडे जातात.

आतून जॅक लावायचा मोह होईल. लावलात तर जॅक आणि छप्पर यांच्यामध्ये दोन फुटांची फळी पाहिजे, आणि तीही बरगडीच्या खाली. जॅकने उचलायचं नाही, फक्त भार हलका करायचा. पुढची पट्टी कापताना असा हलका टेकू दिला तर फट उघडत जाते आणि तार अडकत नाही.

---

पाना_तेरा

पुलीचं म्हणाल तर बीमला आरसीसीत बसवलेलं जुनं हुक असेल आणि ते हलत नसेल तरच. बीमला लटकणाऱ्या लाल पाइपांना दोरी बांधायची नाही, ती स्प्रिंकलरची लाइन असते. एक सांधा सुटला की पार्किंगमध्ये पाऊस, आणि मग सोसायटीच्या मीटिंगचा विषय तुम्हीच.

हुक असेल तर अर्धा टनाचा चेन ब्लॉक भाड्याने मिळतो. पट्टे ५० मिमी रुंद पॉलिएस्टरचे, चार ठिकाणी, आणि टॉपच्या कडेला जिथे वळण येतं तिथे पट्ट्याखाली जुना टॉवेल. दोरी वापरू नका, फायबरच्या कडेवर काचते.

टॉप वर गेला की गाडी हाताने ढकलून पुढे काढा, गिअर न्यूट्रलला. इंजिन चालू करून, क्लच सोडून, वर साठ किलो टांगलेलं, हे नको. खाली चार जुने टायर मांडून त्यावर उतरवा.

---

सीलंट_काका

ठेवताना सपाट ठेवा. ५० बाय १०० मिमीच्या दोन लाकडी पट्ट्या, दोन्ही बाजूंच्या कडांखाली पूर्ण लांबीच्या. भिंतीला टेकवून उभा ठेवलात तर दोन उन्हाळ्यांत पिळतो आणि मग पुढच्या जूनमध्ये भोकं जुळणार नाहीत. वर जुनी चादर, प्लास्टिक नको. प्लास्टिकखाली मुंबईची हवा घाम धरते.

---

ठाणे_टूरर

अवांतर, पण कोणीतरी म्हणायला हवं. आरसीवर सॉफ्ट टॉप असेल तर हार्डटॉप हाच बदल ठरतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्ही मूळ रचनेपेक्षा वेगळ्या बदलांच्या विरोधात आहेत. परत चढवण्याआधी आरटीओत विचारून घ्या. गंमत म्हणजे टॉप काढलेली गाडी कागदाशी जास्त जुळेल.

---

वडाळा_टब

पुढची पट्टी सुटली, तारेने पाऊण तास लागला. उजव्याचं डोकं कोबाल्टने उडालं. टॉप खाली, टायरांवर. कोणीही जखमी नाही, एक कोपरा नखाएवढा उडालाय.

आता दोन प्रश्न. टबच्या कडेवर बोल्टांच्या भोकांभोवती गंज आहे. आणि जूनमध्ये परत बसवताना हे सगळं पुन्हा होऊ नये म्हणून काय करू? सगळे बोल्ट स्टेनलेस घेऊ का?

---

खारी_हवा

गंज आधी. सुटा गंज वायर ब्रशने, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, चकाकणारा पत्रा दिसेपर्यंत. खड्ड्यांत काळं उरतंच, त्यावर फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ थांबा, मग इपॉक्सी प्रायमर आणि रंग. भोकाच्या आतल्या कडेला ब्रशने प्रायमर भरायला विसरू नका. गंज तिथूनच सुरू होतो, कारण बोल्ट आवळताना वॉशर तिथलाच रंग खरवडतो.

स्टेनलेस घ्या, पण ३१६ घ्या. बाजारात सरसकट मिळतो तो ३०४, बोल्टाच्या डोक्यावर ए२ लिहिलेलं असतं. खाऱ्या हवेत त्यावरही तपकिरी डाग पडतात. ३१६ वर ए४ असतं. नागदेवीला (मुंबईतला हार्डवेअरचा बाजार) मागाल तर मिळेल, डोक्यावरचा शिक्का स्वतः वाचून घ्या. आणि आट्यांना अँटी-सीझ (आटे रुतू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावल्याशिवाय एकही बोल्ट घालायचा नाही, नाहीतर उजव्याची गोष्ट पुन्हा. डोकं षटकोनी ठेवा, अ‍ॅलन नको. दिसायला बरं दिसतं, काढायला रडवतं.

---

फायबर_गल्ली

आवळण्याचंही सांगतो, कारण खरी चूक तिथे होते. एम८ बोल्ट लोखंडात २४-२५ न्यूटन मीटरने आवळतात. फायबरवर तेवढा जोर दिलात तर फायबर चेपतं, थोड्या दिवसांत बोल्ट सैल लागतो, मग माणूस पुन्हा आवळतो, ते पुन्हा चेपतं. शेवटी तडा. फायबरच्या भोकात लोखंडी नळीचा तुकडा घाला, आतून ८.५, बाहेरून १२ मिमी, लांबी फायबरच्या जाडीएवढी किंवा केसभर कमी. म्हणजे दाब नळी घेते. टॉपच्या बाजूला २४ ते ३० मिमीचा मोठा मडगार्ड वॉशर आणि ८ ते १० न्यूटन मीटर. बास. अँटी-सीझ लावलेला बोल्ट तेवढ्याच टॉर्कला जास्त ताण देतो, म्हणून खालच्या आकड्याला थांबा.

डावा नट. भोक पाडून तो बाहेर काढा. हात पोचतो अशा ठिकाणी आरपार बोल्ट आणि नायलॉक नट हे सगळ्यात भरवशाचं. नाहीच पोचत तर ४० बाय ४० मिमीच्या ३ मिमी पट्टीला नट वेल्ड करा, फायबर खरबरीत घासा आणि पट्टी इपॉक्सीने बसवा. पॉलिएस्टर पुटीने नाही. जुन्या, पिकलेल्या फायबरला पॉलिएस्टर नीट धरत नाही, इपॉक्सी धरतं. त्याच्यावर फायबर मॅटचे दोन थर, तेही इपॉक्सीतच. नटात ग्रीस लावलेला बोल्ट घालून ठेवा, म्हणजे आट्यांत रेझिन जात नाही आणि नट भोकाच्या मधोमध बसतो.

---

सीलंट_काका

आणि पुढे पीयू पुन्हा भरू नका. काढता यावा असा टॉप आहे, तर चिकटवायचा कशाला? जुना माल साफ करून पोकळ बल्बवालं ईपीडीएम बीडिंग लावा. फट मोजूनच घ्या. फटीत मातीचा किंवा कणकेचा गोळा ठेवून टॉप टेकवा, परत उचला, गोळ्याची जाडी मोजा. बीडिंग त्याच्या दीडपट उंचीचं. ४ मिमी फट, तर ६ मिमी बल्ब. त्याहून जाड घेतलंत तर बोल्ट आवळून आवळून टॉप पुन्हा ताणात जाईल.

जोड पुढे मधोमध ठेवू नका, पाणी तिथेच साचतं. मागच्या बाजूला, सगळ्यात खालच्या कडेवर ठेवा. वर्षातून एकदा सिलिकोन ग्रीसचा हात, बोटाने, पातळ.

---

वडाळा_टब

कणकेची युक्ती लक्षात ठेवतो. बीडिंगचा जोड चिकटवायला काय? साधा रबर सोल्युशन?

---

सीलंट_काका

पंक्चरचं सोल्युशन उन्हात सुटतं. सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, रबरासाठीचा. टोकं ब्लेडने एकदम चौकोनी कापा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, एक थेंब, आणि तीस सेकंद दाबून धरा. बीडिंग कापताना दोन-तीन मिलिमीटर जास्तच कापा, ताणून जोडलेलं पहिल्या थंडीत उघडतं.